आत्याबाईंचा धोंडा

आत्याबाई, माझ्या रूथला आत नेलं.

आत्ताच नेलं. दार आतून लावून घेतल्याचा आवाज ऐकला मी. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुम्ही बाहेर झाडाखाली बसा, तिथं हवा आहे." मी म्हटलं, "नाही, मी इथंच बसते." एवढ्या शिकलेल्या बाईला तुमची सून तोंडावर नाही म्हणेल असं तुम्हाला कधी वाटलं नसेल. मलाही वाटलं नव्हतं. तुमचे चिरंजीव मात्र झाडाखाली गेले आहेत. त्यांना दार बघवत नाही. ते तिथून माझ्याकडे बघतात, मी दाराकडे बघते, असं आमचं चाललं आहे.

हातांना काहीतरी काम हवं, म्हणून यांच्या शाळेच्या पिशवीतून पेन्सिल आणि कोरे कागद काढून घेतले. प्रार्थना केली. परत केली. शब्द संपले आणि भीती तेवढीच राहिली. मग म्हटलं तुमच्याशी बोलावं. तुम्हाला मूठमाती देऊन महिनाही झाला नाही आणि लगेच कामाला जुंपते आहे. पण सुनेचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. शिवाय तुमच्याशी माझं एक भांडण राहिलं आहे. ते अर्धवट टाकून तुम्ही गेलात, ही काही चांगली गोष्ट केली नाहीत.

आपल्या कामथडीच्या वस्तीत तुमचा धोंडा आता रिकामा आहे. नदीकडे उतरताना डाव्या हाताला, चिंचेच्या पलीकडे. बाया पाण्याला जाताना त्याच्याकडे बघतात आणि पदर सारखा करतात. तान्हूबाईने परवा त्यावर झेंडूचं फूल ठेवलं. मी उचलून नदीत टाकलं, कारण मिशनच्या पाळकबुवांनी बघितलं असतं तर दोन रविवार पुरेल एवढं बोलले असते. तसे ते तुम्हाला जिवंतपणीही बोलायचेच. "राहीबाई, वस्तीने मरीआई सोडली आणि तुम्हाला धरलं. हा कौलच झाला की." तुम्ही हसायचात आणि त्यांना ताक द्यायचात.

त्यात खोटं काही नव्हतं. तुम्ही बाप्तिस्मा घेण्याआधी मामंजी मरीआईच्या ठाण्यात कौल लावायचे. देवीच्या शेंदरी दगडाला उजवीकडे एक, डावीकडे एक, असे ओले तांदळाचे दाणे चिकटवायचे, आणि सगळी वस्ती श्वास धरून बसायची. उजवा आधी पडला तर होय, डावा पडला तर नाही. लग्न, घर, गाव सोडणं, सगळं त्या दाण्यांवर. मी ते पाहिलेलं नाही, मी तुमच्या घरात आले ती येशूच्या नावाने आले. पण देव बदलला तरी विचारायची सवय कुठे बदलते? कोणाला काही ठरवायचं असलं की तुमच्याकडे येत. "राहीमावशी, देवाला इचारा." तुम्ही पहाटे धोंड्यावर जाऊन बसायचात. डोक्यावरून पदर, दोन्ही हात मांडीत. ऊन कासराभर वर आलं की उठायचात, परत यायचात आणि एका शब्दात सांगायचात. जावं. नको. थांबावं. लोक म्हणायचे, राहीमावशीला देव ऐकू येतो.

मीही तेच धरून चालले होते. आणि म्हणूनच तुमच्यावर इतकी वर्षं डूख धरून होते.

आता वेल्ह्याचं बोलते. बोलायचं नाही असं आपण दोघींनी न ठरवता ठरवलं होतं, पण आज इथे बसून मला दुसरं काही आठवतच नाही. यांना मिशनने विचारलं होतं, वेल्ह्याच्या वर डोंगराच्या पोटाशी एक वाडी आहे, तिथे शाळा काढायची, जाल का? शमुवेल तेव्हा माझ्या मांडीवर होता, अजून बसायलाही लागला नव्हता. मला जायचं नव्हतं. मला खालचा रस्ता हवा होता, जिथून मोटार जाते, जिथून नसरापूरच्या बाजाराला चालत जाता येतं. हे म्हणाले, "आईला विचारू." तुम्ही धोंड्यावर गेलात. परत आलात आणि म्हणालात, "जावं."

देवाने सांगितल्यावर बोलायचं कोणाशी?

त्या वाडीत चार महिने ऊन नव्हतं. भिंती ओल्या, सरपण ओलं, पोराच्या दुपट्याला बुरशी. आम्ही चुलीवर टोपली उपडी घालून त्यावर त्याचे कपडे वाळवायचो आणि त्या सगळ्यांना धुराचा वास यायचा. श्रावणात त्याला ताप भरला. खाली डॉक्टरकडे न्यायचं तर ओढा फुगलेला. हे काठापर्यंत गेले, पाण्यात उतरले, वाडीतल्या धनगरांनी कंबरेला धरून मागे ओढलं. तुम्ही शमुवेलला छातीशी धरून झोपडीत इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरत होता. तुमच्याच छातीवर तो गेला. माझ्याकडे दिलात तेव्हा गरम होता, म्हणून मला कळलं नाही.

हिरड्याच्या झाडाखाली त्याला ठेवून आलो तेव्हा मी तुम्हाला विचारलं होतं, "देवाने इथं यायला सांगितलं ना? मग कशाला? ह्याच्यासाठी?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तोंड उघडलंत. आणि मिटलंत. मला वाटलं, बाई दगडाची आहे. त्यानंतर मी तुम्हाला जेवायला वाढलं, न्हाऊ घातलं, पाय चेपले, पण तो प्रश्न परत घेतला नाही. तुमच्या आणि माझ्या मध्ये तो बसून राहिला, घरात एखादं जास्तीचं माणूस असावं तसा.

मग रूथ आली. आपण परत कामथडीला उतरलो होतो. रूथला तुम्ही जमिनीवर टेकूच दिलं नाहीत. ती बोलायला लागली तीच तुमची भाषा. यांनी तिला "होय" म्हणायला शिकवावं आणि तिने "व्हय" म्हणावं. मास्तरांची पोर अशी बोलते म्हणून शाळेत पोरं हसायची, आणि तुम्ही दोघी त्या पोरांना हसायचात. तिच्यामुळे आपलं घर परत घर झालं. तेवढ्यासाठी मी तुम्हाला पुष्कळ माफ केलं होतं, हे सांगायचं राहून गेलं.

गाठ पहिल्यांदा तुमच्याच हाताला लागली. वेणी घालताना. जबड्याच्या खाली, सुपारीएवढी. तुम्ही हळद उगाळून लावलीत, मग निवडुंगाचा चीक, मग काही नाही. ती वाढत गेली. रूथ रात्री घोरायला लागली, मग घास गिळताना डोळे मोठे करायला लागली. दिवाळीनंतर आपण सगळे पुण्याला मिशनच्या दवाखान्यात आलो, ह्याच दवाखान्यात. डॉक्टरबाईंनी बोटांनी चाचपून पाहिलं आणि रूथला बाहेर खेळायला पाठवलं. त्या म्हणाल्या, "गाठ श्वासनळीवर दाबते आहे. कापायला हवी. पण मोठ्या शिरेला चिकटली आहे, त्यामुळे कापण्यातही जीवाचा धोका आहे. मी खोटं सांगणार नाही. तुम्ही घरी जा, प्रार्थना करा आणि ठरवा. फार उशीर मात्र करू नका."

प्रार्थना करा आणि ठरवा. किती सहज म्हणाल्या. जणू एक केलं की दुसरं आपोआप होतं.

मोटारीत परत येताना यांनी एवढंच विचारलं, "आई, तू बसशील ना?" तुम्ही मान हलवलीत. रूथ तुमच्या मांडीवर झोपली होती, तोंड उघडं, आणि तुम्ही तिच्या छातीवर हात ठेवून होता. वरवे गावापासून कामथडीपर्यंत तुम्ही तो हात उचलला नाहीत.

तुम्ही बसलात. एका पहाटेत उत्तर आणणारी बाई, पण ह्या वेळी रिकाम्या हातांनी परत आलात. दुसऱ्या दिवशी परत गेलात. पौषातली थंडी, नदीवरचा वारा, आणि तुमच्या अंगावर ती विरलेली चादर. मी म्हटलं, "घोंगडी न्या." तुम्ही म्हणालात, "ऊब आली की झोप लागती." तिसऱ्या, चौथ्या दिवशीही तेच. वस्तीत कुजबूज सुरू झाली की राहीमावशीला यंदा देव काही बोलेना. मग तुम्हाला खोकला आला, मग कापरं भरलं, मग बरगडीत दुखायला लागलं. नसरापूरचा कंपाउंडर म्हणाला, छातीत न्युमोनिया.

त्या दुपारी हे औषध आणायला गेले होते. रूथ ओट्यावर ठिकऱ्या मांडून खेळत होती. तुम्ही मला म्हणालात, "सगुणे, दार लोटून घे."

"बोलू नका आत्याबाई. धाप लागते."

"ऐक. म्या धोंड्याव बसती न्हवं?"

"हो."

"मला तितं कदी काय ऐकू आलं न्हाई."

मला वाटलं, तापात बरळताहेत. ओला फडका बदलायला गेले तर तुम्ही माझं मनगट धरलंत. जोर होता हाताला.

"रूथच्या वक्ताला न्हाई. येल्ह्याच्या वक्ताला बी न्हाई. कदीच न्हाई."

"मग सांगत कशा होता?"

"बसायची. म्हनायची, द्येवा, बोल बाबा. त्यो काय बोलायचा न्हाई. मग ज्याचं काम आसंल त्याचं त्वांड डोळ्याम्होरं आनायची. लई भ्या वाटायचं. ऊन लागलं की उठायची, जे मनात आसंल ते सांगायची, आन त्याच्यासंगं चालाय लागायची. आनिक काय करनार?"

"आणि देवानं सांगितलं म्हणत होता ते?"

"म्या कवा म्हनलं? लोक म्हनायचं. म्या गप ऱ्हायची." तुम्ही माझं मनगट सोडलंत. "त्यांला आदार व्हायचा. म्हनून गप ऱ्हायची. तुज्या म्होरं गप ऱ्हायला नको व्हतं."

मी विचारलं, "मग रूथचं काय करू?" आत्याबाई, मी तुम्हाला काकुळतीने विचारत होते. तुम्ही फटीतून ओट्यावरच्या तिच्या पाठीकडे पाहिलंत. "लई भ्या वाटतंय गं," म्हणालात, आणि डोळे मिटलेत. हे परत आले तोवर घरघर लागली होती.

एवढंच. माझ्या हातात एवढं ठेवून तुम्ही गेलात.

तुमच्या मातीवर सगळे रडत होते तेव्हा मी रडले नाही, हे बायांनी लक्षात ठेवलं आहे. मला रडायला जागाच नव्हती, सगळी जागा भीतीने घेतली होती. इतकी वर्षं मी धरून होते की देवाने नाव घेऊन माझ्या शमुवेलला वेल्ह्याला बोलावलं आणि तिथे मारलं. मी त्या देवापुढे दर रविवारी मान खाली घालून बसत होते आणि आतून त्याला जाब विचारत होते. आता कळलं, त्याने काही सांगितलंच नव्हतं. एका घाबरलेल्या बाईने वाडीतल्या पोरांची तोंडं डोळ्यांसमोर आणली आणि "जावं" म्हटलं. मला हायसं वाटलं. खरंच वाटलं. आणि लगेच त्याहून मोठी भीती वाटली, की मग ह्या सगळ्यात तो आहे तरी कुठे? रागवायलासुद्धा कोणी उरलं नाही. तुमच्यावर रागवावं तर तुम्ही ते पोर छातीशी धरून फिरत होता.

आणि मग वस्ती माझ्याकडे यायला लागली. शेवटच्या वेळी मीच जवळ होते ना. तान्हूबाई म्हणाली, "मावशीनं जाताना तुमास्नी सांगितलं आसंल." हे रोज संध्याकाळी शाळेतून येत आणि बूट काढता काढता विचारत, "आई काही बोलली होती का गं रूथबद्दल?" मी म्हणायची, "घाबरली होती." ते म्हणायचे, "तेवढंच?" आणि बूट हातात घेऊन बसून राहायचे. मी तेवढ्यावरच ठेवायची, कारण त्यांना खरं सांगायचं म्हणजे त्यांची आई दुसऱ्यांदा पुरायची.

तुमचे धाकटे दीर, तात्या, तेही आले. मामंजींच्या मागे मरीआईचा कौल आता तेच लावतात. वाईट माणूस नाही. ओट्याच्या खालीच उभे राहिले, डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं. "सूनबाई, पोरीच्या गळ्याला मरीआईनं हात घातलाय. एक डाव कौल लावू द्या. तुमच्या द्येवाला सांगू नका."

मी म्हटलं, "तात्या, त्याला न सांगता कळतं."

"मंग त्यो सांगत का न्हाई काय ते?"

ते गेले आणि ती ओळ घरात राहिली. भाकरी थापताना, केर काढताना, रूथला गिळवत नाही म्हणून पेज गाळताना. सांगत का नाही? मी पवित्र शास्त्र उघडून बोट ठेवून पाहिलं. बोट पडलं ते अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा फलाणा अशा यादीवर. पुन्हा ठेवलं तर मंडपाच्या खांबांची मापं. आपल्या देवाला माझी थट्टा करायची असेल तर त्याने ती चांगली साधली.

शेवटी एका दुपारी, घरात कोणी नसताना, मी तांदळाचे दोन दाणे भिजवले. हसू नका. माठाच्या उजव्या अंगाला एक चिकटवला, डाव्या अंगाला एक. उजवा पडला तर कापायचं, डावा पडला तर नाही. मरीआईला नाही विचारलं, येशूलाच विचारलं, पण विचारलं ते मामंजींच्या पद्धतीने. आणि बसले. माझं काळीज असं उडत होतं की त्यानेच दाणे पडतील असं वाटलं. पडले नाहीत. बाजूने मुंगी गेली, माठ झिरपला, तरी दाणे तिथेच. तुम्ही मागे एकदा सांगितलं होतं की दाण्याला पाणी किती लावायचं ते लावणाऱ्याच्या हातात असतं, आणि साथीच्या वर्षी मामंजींनी "वस्ती सोडू नका" असा कौल दिला तो देवीचा नव्हता, घर सोडवेना म्हणून त्यांच्या हाताचा होता. त्या साथीत ते स्वतःही गेले. मी ते आठवून माझ्या बोटांकडे बघत होते. दोन्ही दाण्यांना मीच सारखं पाणी लावलं होतं. मला कोणतंच उत्तर नको होतं.

तेवढ्यात रूथ आली. "आई, माठाला तांदूळ का लावलंस गं?" म्हणाली, आणि नखाने दोन्ही काढून तोंडात टाकले. आधी कुठला काढला ते मी पाहिलं नाही. तिने ते चावले, मान एका बाजूला कलवून, डोळे मोठे करून, महाप्रयासाने गिळले, आणि मग खोकला सुरू झाला तो थांबेना. ओठ निळे पडले. मी तिला उलटं धरलं, पाठीवर थापट्या मारल्या. श्वास परत आला तेव्हा ती रडली नाही, माझ्या गळ्याला मिठी मारून लटकून राहिली. दोन दाणे, आत्याबाई. भिजवलेले.

ते काही देवाचं उत्तर नव्हतं. तसं म्हणण्याचा मोह होतो, पण मी म्हणणार नाही. माझी पोर गुदमरत होती आणि मी माठापुढे बसले होते, एवढंच ते होतं.

त्या दिवशी तुमचं प्रवासाचं गाठोडं खुंटीवरून काढलं. ते कधी रिकामं नसायचंच. मला वेड्यासारखं वाटलं, आत काहीतरी असेल. पुण्याच्या तयारीचं काही, रूथचं एखादं परकर-पोलकं, म्हणजे तुम्ही न्यायचं ठरवलं होतं असं मला कळेल. सोडलं तर आत नेहमीचंच. एक लुगडं, खोबरेल तेलाची बाटली, मिठाची पुरचुंडी, सुंठ. तुम्ही इथेही काही सांगितलं नाहीत.

मी ते सगळं मांडीवर घेऊन बसले आणि मग एकेक आठवायला लागलं. तान्हूबाई अडली होती तेव्हा तुम्ही म्हणालात, भोरला न्यावं. पुरुष गाडी जुंपेपर्यंत तुम्ही हे गाठोडं घेऊन गाडीत चढलाही होता, आणि भोरपर्यंत तिचं डोकं तुमच्या मांडीवर होतं. आम्हाला वेल्ह्याला जावं म्हणालात, आणि आमच्याआधी हे गाठोडं दारात. मी तेव्हा यांना म्हणाले होते, "आता ह्या कशाला? इथं घर आहे, कोंबड्या आहेत." मला ती लुडबूड वाटली. तुम्ही कोंबड्या वाटून टाकल्यात. तिथे झोपडीत दाराच्या बाजूला, जिथे पाणी यायचं, तिथे तुम्ही झोपायचात. शमुवेल गेल्यावर वस्तीवरून तुम्हाला न्यायला माणूस आला होता, त्याला तुम्ही परत पाठवलंत आणि आम्ही खाली उतरेपर्यंत राहिलात. ज्याला म्हणून तुम्ही "जावं" म्हणालात त्याच्या बरोबर तुम्ही गेला होता. एकालाही एकटं पाठवलं नव्हतं. इतकी वर्षं तुमच्या शब्दाला सगळे देवाचा शब्द म्हणत होते, आणि तुमच्या पायांकडे कोणी बघत नव्हतं. मीसुद्धा.

हे घरी आले. बूट काढता काढता विचारलं. मी म्हटलं, "रूथला न्यायचं. कापून घ्यायचं."

त्यांनी चमकून वर पाहिलं. "तुला ऐकू आलं?"

"नाही."

"मग आईनं सांगितलं होतं?"

"नाही. मला काही ऐकू आलं नाही आणि मला फार भीती वाटते. पण मी दारात बसेन. ती बाहेर येईपर्यंत उठणार नाही."

त्यांनी दुसरा बूट काढला. मग म्हणाले, "आई असती तर देवानं तिला नक्की सांगितलं असतं." मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तुमच्यासारखीच गप्प राहिले. ते कधीतरी त्यांना सांगावं लागेल, आणि ते मी तुमच्यापेक्षा लवकर सांगेन. पण आज नाही, आज त्यांना झाडाचा आणि तुमचा, दोन्हींचा आधार लागणार आहे.

आज सकाळी तिला पांढरा झगा घातला. तो तिला पायघोळ झाला. केस कापडात बांधले तेव्हा गाठ अगदी उघडी पडली आणि तिचं तोंड तुमच्यासारखं दिसायला लागलं. आत न्यायला परिचारिका आली. रूथने माझं बोट सोडलं नाही.

"आई, त्या मला झोपवनार?"

"हो. औषधाचा वास देतील, झोप लागेल."

"तवा तू कुठं आसशील?"

"दारात."

"आन उठल्याव?"

"दारातच."

तिने विचार केला. तुम्ही शिकवलेली पोर आहे, अर्धवट सोडत नाही. "आन म्या न्हाई उठली तर?"

हे दोन पावलं मागे सरले. परिचारिकेने माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हटलं, "तरी दारातच."

"बरं," म्हणाली. बोट सोडलं आणि गेली.

आत्याबाई, आता बराच वेळ झाला. आतून काही आवाज नाही. एकदा पत्र्याच्या भांड्यासारखं काही वाजलं, मग काहीच नाही. तुमचं गाठोडं माझ्या मांडीवर आहे. मी मघाशी दाराला तोंड लावून "रूथ" अशी हाक मारली, हळूच. तिला ऐकू गेलं नसणार. तिला आत्ता काहीच ऐकू येत नसेल. तिच्या लेखी मी कुठेच नाही.

पण मी आहे ना इथे. दारात बसले आहे, उठलेली नाही.

तुम्ही धोंड्यावर बसायचात तेव्हाही असंच असेल का हो? तुम्ही हाक मारत होता आणि काही ऐकू येत नव्हतं, आणि त्या तिकडच्या बाजूला कोणीतरी असंच, मांडीवर गाठोडं घेऊन? मला माहीत नाही. मला तेवढं म्हणायचं धाडस नाही. पण "त्यो सांगत का न्हाई" विचारणाऱ्या तात्यांना सांगायला मला एवढंच सुचतं.

ते झाडाखालून उठले आहेत, इकडे येत आहेत. दार अजून बंद आहे. मी इथंच आहे.